खुर्चीमागचा माणूस

मधुकरला पोर्तुगीज पणजोबा मिळाला तर काय काय हाती लागणार होतं, ते आधी पाहून घेऊ. त्याच्या मुलाला, रोहनला, लिस्बनचा पासपोर्ट, हा उघड फायदा. तो शेजारच्या चार घरांना आधीच सांगून झाला होता. बाकीचे फायदे मधुकर बोलून दाखवत नसे, पण त्याच्या बायकोला, कावेरीला, ते पाठ होते. मामलेदार कचेरीत एकतीस वर्षं मान खाली घालून काढल्यावर रक्तात एखादा साहेब निघावा, म्हणजे रिटायर होण्याआधी दोन वर्षं तरी ती मान वर करता येईल. शिवाय त्याच्या घाऱ्या डोळ्यांना कारण मिळणार होतं. आणि धाकट्या भावावर, सुकदेववर, एकदाची कुरघोडी होणार होती. टोकरखाड्यातल्या घरावर गच्ची बांधली ती सुकदेवने, सूतगिरणीतल्या पगारातून, आणि तसं कधी बोलूनही दाखवलं नाही. त्याचं हे न बोलणंच मधुकरला जास्त टोचायचं. पणजोबा काय, दोघांचा सारखाच. पण शोधून काढला होता मधुकरने.

खर्चाच्या बाजूला त्याने शून्य मांडलं होतं. मेलेला माणूस, त्यात परका. तो काय मागणार?

फोटो सापडला तो श्रावणात, चुना लावायला सामान बाहेर काढलं तेव्हा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, हाताच्या पंज्याएवढा. खुर्चीवर मिशीवाला गोरा लष्करी साहेब, मांडीवर टोपी. खुर्चीमागे एक काळाभोर शिपाई, साहेबाचा पांढरा कोट गुंडाळून छातीशी धरलेला. पाठीमागे फिकट शाईत दमणच्या स्टुडिओचा शिक्का आणि खाली 'कोंडा, अथाल'. कोंडाबाई म्हणजे आबांची आजी, अथाल गावची. तिचा माणूस नोकरीवर परमुलखात गेला आणि परतला नाही, एवढंच घरात ऐकून माहीत होतं. मधुकरने दोन आणि दोन चार केले. कचेरीत जन्म गेला त्याचा. दोन माणसं दिसली की खुर्चीतला तो मालक, हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

आबांना, म्हणजे ऐंशीला टेकलेल्या नारायणरावांना, विचारलं. "आबा, हा तुमचा आजोबा ना?"

आबा फोटोकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "असेल."

एवढ्यावर मधुकरने कल्पेशच्या स्टुडिओत फोटो मोठा करायला टाकला. "मागचा शिपाई काढून टाक," त्याने सांगितलं. कल्पेशने साहेबाला खुर्चीसकट दोन फूट उंच केला आणि शिपायाला कापला. मूळचा पुठ्ठा गौरी मागून घेऊन आली. ती सुकदेवची मुलगी, खेरडीच्या शाळेत शिकवते. पुठ्ठा तिने वर्गाच्या हजेरीपटात ठेवला. का, ते तिला कुणी विचारलं नाही.

रोहन दमणला जाऊन जुन्या चर्चच्या नोंदवहीतल्या एका पानाचं झेरॉक्स घेऊन आला. अक्षर असं की मुंग्या शाईतून चालत गेल्या असाव्यात. त्यातलं 'कोंडा' तेवढं त्याला ओळखता आलं. तिथले पास्कोल मास्तर जुन्या राजवटीत पोर्तुगीज शिकवायचे. ते सर्वपित्रीला येऊन वाचून दाखवतो म्हणाले. मधुकरच्या लेखी वाचन म्हणजे नुसता शिक्का मारायचा राहिला होता. म्हणून त्याने शिक्क्याची वाट न पाहता साहेबाला पाटावर बसवलं, झेंडूचा हार घातला आणि त्र्याण्णव सालच्या सर्वपित्री अमावास्येला त्याच्या श्राद्धाचा घाट घातला.

स्वयंपाकघरात कावेरी वडे थापत होती. मंगला, तिची धाकटी जाऊ, खीर ढवळत होती.

"मंगल, खीर जरा पातळच ठेव. तिकडची माणसं पातळ खातात. सूप वगैरे."

"ताई, ही खीर आहे."

"मी आपलं सांगितलं. आता कळलं ना, आमच्या रोहनचा रंग कुठून आला?"

"कळलं."

"आणि गौरीचे केस..."

"माझ्या माहेराहून आले. चोवीस वर्षं ऐकतेय, ताई. झोपेतसुद्धा सांगेन."

गौरी कारल्याची भाजी घेऊन चालली होती. रंगाने सावळी म्हणणं हा तिच्यावर उपकार झाला असता; आणि केस इतके कुरळे, घट्ट, की लहानपणी दर महिन्याला एक कंगवा मोडायचा. नाव मात्र गौरी. ते पाळण्यात आत्याने ठेवलं होतं, अंधारात.

"काकू, माझ्या केसांत पळी खोचली तरी पडत नाही," ती म्हणाली. "आज वाढायला उपयोग होईल."

कावेरी हसली. मंगलाला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे बारशाचा दिवस होता. सासूबाईंनी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग भरल्या घरात उठून मंगलाच्या आईच्या डोक्यावरचा पदर खाली ओढला, आणि तिचे केस निरखून पाहिले. आईचे केस सरळ होते, चारचौघींसारखे. "हिच्या नाहीत, तर हिच्या आईकडून असतील," सासूबाई म्हणाल्या. आई जेवली नाही. पुन्हा या घराची पायरीही चढली नाही. सात वर्षांनी वारली ती पालघरला, आपल्या घरीच. सासूबाईही गेल्या. मागे राहिलं ते वाक्य, आणि त्याची देखभाल कावेरीने नीट केली.

माजघरात भटजींनी दर्भ मांडले. श्राद्धाला आबा स्वतः बसत. एरवी आठवड्याच्या आठवड्याला झुंबर न्हावी येऊन त्यांचं डोकं तुळतुळीत करून जाई. वैराग्य आहे, असं लोक म्हणत. पितृपक्षात वस्तरा लावत नाहीत, म्हणून ते पंधरा दिवस आबांच्या डोक्यावर लोकरी टोपी असे, ऑक्टोबरच्या उकाड्यातही. श्राद्धाला टोपी चालत नाही. तेव्हा ते उपरणं कानांपर्यंत गुंडाळून बसत.

"पित्याचं नाव?" भटजींनी विचारलं.

"झिपरू."

"पितामहांचं?"

आबांना खोकला आला. दरवर्षी तो इथेच यायचा, आणि भटजी दरवर्षी 'यथानाम' म्हणून पुढे सरकायचे.

"यंदा थांबा, भटजी," मधुकर पुढे झाला. "यंदा नाव आहे. म्हणजे येईल. तोवर साहेब म्हणा."

"साहेब हे नाव नव्हे."

"समोर बसलेत की."

भटजींनी फोटोकडे पाहिलं. साहेबही भटजींकडे पाहत होता. "बरं. गोत्र?"

"पोर्तुगाल."

"ते गोत्र होत नाही."

"मग काय करायचं?"

"गोत्र माहीत नसलं की काश्यप लावतात. शास्त्रात सोय आहे."

"अरे वा," सुकदेव कोपऱ्यातून म्हणाला, "म्हणजे आपल्याच गोत्राचे की. आपलंही काश्यपच ना?"

"इतकी वर्षं मीच सांगतोय ते," भटजी म्हणाले, आणि आबांकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

अशा रीतीने लिस्बनचा साहेब काश्यपगोत्री झाला, त्याला तीळपाणी मिळालं, आणि पान घेऊन मंडळी गच्चीवर गेली.

कावळा येईना.

समोरच्या टाकीवर तीन बसले होते. एक उडाला, कठड्यावर आला, वड्याकडे पाहिलं आणि माघारी गेला.

"इच्छा राहिली असणार," कावेरी कुजबुजली. "अहो, काहीतरी बोला."

मधुकर हात जोडून पुढे झाला. "साहेब, तुमचं आडनाव कळलं की आम्ही लावू. गॅझेटमध्ये छापून घेऊ."

कावळे तसेच.

"रोहनला तिकडे पाठवतो," कावेरी म्हणाली. "तुमचं घर बघून येईल. कुलूप असेल तर उघडेल."

"ग्रँडपा, प्लीज हां," रोहन म्हणाला. तो वापीला कॉम्प्युटर शिकत होता; घरात चार भाषांत मिळून एक वाक्य बोलायचा. "पासपोर्टचं काम करी दो, बस. नेक्स्ट इयर डबल खीर."

"सुकदेव, तू माफी माग," मधुकर वळून म्हणाला.

"मी काय केलंय त्यांचं?"

"मंगला, तू?"

"मला त्यांनी काही दिलं नाही, भाऊजी. मी काय परत देऊ?"

मधुकर यावर जरा मोठ्याने बोलणार होता, तोच खाली फाटक वाजलं. पास्कोल मास्तर आले होते. हातात छत्री, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद. बसने त्यांना भिलाडला दोन तास बसवून ठेवलं होतं. पान तसंच कठड्यावर टाकून सगळी मंडळी जिन्याने खाली धावली.

मास्तरांनी आधी पाणी घेतलं, मग चष्मा. झेरॉक्स खिडकीपाशी धरलं. मधुकर साहेबाच्या फोटोशेजारी उभा राहिला, फोटो काढून घ्यायला उभं राहावं तसा.

"सन अठराशे एक्क्याण्णव," मास्तर बोट फिरवत वाचू लागले. "मुलगा. नाव जुझे. आई कोंडा, राहणार अथाल. बाप..." त्यांनी कागद जवळ घेतला. "बाप डोमिंगो."

"डोमिंगो!" मधुकर म्हणाला. "भटजी, लिहून घ्या."

"डोमिंगो, सैनिक, तिसरी तुकडी. मूळ गाव मोसांबिक."

"ते लिस्बनपासून किती लांब?" कावेरीने विचारलं.

"आफ्रिकेत आहे, बाई."

वड्यांचं तेल आत अजून तडतडत होतं.

"तिकडे गोरेही असतात," मधुकर म्हणाला. "पोस्टिंग होतं. आमच्या कचेरीतून नाही का लोक दीवला जात?"

"हां, असतात. पण इथे रंग पण लिहिलाय." मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "काळा."

"रंग कशाला लिहितात?"

"तेव्हाही लोक तेच पहिलं विचारायचे, बाई."

"मग हे?" मधुकरने हार घातलेल्या साहेबाकडे हात केला.

मास्तर वाकून फोटो पाहून आले. "हा लेफ्टनंट असणार. खाली सही आहे त्याची. बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून. साक्षीदार."

"साक्षीदार?" सुकदेव म्हणाला. एकतीस वर्षं कचेरीत साक्षीदारांना बाकावर ताटकळत ठेवणाऱ्या आपल्या भावाकडे त्याने पाहिलं. "दादा, आपण साक्षीदाराचं श्राद्ध घातलं?" आणि तो हसायला लागला. आधी दबून, मग भिंतीला टेकून. घराने सुकदेवला असं हसताना पाहिलं नव्हतं. भटजींनी गंभीर राहायचा प्रयत्न केला, पण "शास्त्रात साक्षीदाराला सोय नाही," एवढं म्हणताना त्यांचंही पोट हललं.

"काहीतरी चुकतंय," मधुकर म्हणाला. "फोटोत साहेबच आहे. आणि तो मागचा... तो तर नोकर. कोट धरून उभा असलेला."

गौरीने हजेरीपट आणला. त्यातून पुठ्ठा काढला, आणि शाळेतलं भिंग.

"मोठे काका, हे बघा. मी महिनाभर बघतेय, पण तुम्ही इतके खुशीत होतात."

"काय बघू?"

"कोट."

मधुकरने भिंगातून पाहिलं. मग भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

"कोटाला नाक नसतं, काका," गौरी म्हणाली.

भिंग हातोहात फिरलं. खरंच, पांढऱ्या कापडाच्या घडीतून एक इवलासा चेहरा बाहेर आला होता, डोळे मिटलेला. तेच ते जुझे, जे पुढे अथालला गेले, झिपरू झाले आणि आबांचे वडील झाले. शिपायाने त्याला छातीशी असा धरला होता की साहेबापुढे ताठ उभं राहायचं की बाळाकडे बघायचं, हे त्याचं ठरत नसावं. मान ताठ होती आणि डोळे खाली. टोपीखालून कानापाशी केसांची एक गोल, घट्ट कड दिसत होती.

सगळ्यांनी ती पाहिली. मग सगळ्यांनी गौरीकडे पाहिलं.

बाजू बदलायला कावेरीला कधीच वेळ लागत नाही. "आमच्या ह्यांच्याकडे असलं काही नाही हं," ती म्हणाली. "रोहनचा रंग बघा. जे काय उतरलंय ते धाकट्या पातीत उतरलंय."

"वहिनी, पणजोबा एकच आहे," सुकदेव म्हणाला. "वाटणी नाही होत त्याची."

"मम्मी, छोड ना," रोहन म्हणाला. तो भिंग सोडायला तयार नव्हता. "काय भारी माणूस आहे यार! आफ्रिकेतून इथे, अथालला! मास्तर, पण पासपोर्टचं काय? आता नाही मिळणार?"

"मिळणार की. तुझे आजोबा इथेच जन्मले ना? तेव्हा इथे राज्य पोर्तुगीजांचंच होतं. त्या जन्मनोंदीवर अर्ज करायचा. दमणमध्ये सगळे तेच करतात. एवढा मागे कुणी जात नाही."

"म्हणजे हा सगळा शोध..."

"शोधाला मना नाही," मास्तर म्हणाले. "पण लागत नव्हता."

मधुकर पाटावर बसला, साहेबाच्या शेजारीच. शून्य लिहून ठेवलेल्या बाजूला आता आकडे पडू लागले होते, आणि ते कुणाच्या नावावर टाकावेत हे त्याला सुचेना. त्याने मोठ्या आशेने आबांकडे पाहिलं. "आबा, तुम्ही तरी सांगा. हे खोटं आहे ना?"

आबांना खोकला आला.

"खोकला नको, आबा."

मंगला दारात उभी होती, हातात खिरीची पळी. सासऱ्यांशी ती लग्न झाल्यापासून दाराआडून बोलत आली होती. आज ती चौकटीच्या आत आली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

नारायणराव गप्प राहिले. गप्प राहण्यात त्यांचा फायदा काय होता, ते त्यांनी आयुष्यभर मोजलं होतं. शाळेत पोरांनी एकदा टोपी उडवली होती आणि सबंध वर्ग हसला होता. त्याच दिवशी न्हाव्याकडे जाऊन ते डोकं तासून आले, ते कायमचेच. टोपीमुळे नोकरी लागली, टोपीमुळे मुलगी मिळाली, देवळात मान मिळाला. सौदा स्वस्त होता. आठवड्याला एक वस्तरा. मग एका बारशाला त्यांच्या बायकोने व्याह्यांच्या घरच्या बाईचा पदर ओढला. ते समोरच बसले होते. एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. त्या दिवशी हा सौदा कुणाच्या जिवावर चालला आहे हे त्यांना कळलं, आणि त्यांनी टोपी कानांवर आणखी खाली ओढली.

"होतं," आबा म्हणाले.

त्यांनी हात वर नेला आणि उपरणं सोडलं.

पंधरा दिवसांचे केस होते. पांढरेशुभ्र आणि इवल्या इवल्या गाठींचे, सबंध डोक्यावर पांढरी मिरी पसरल्यासारखे. गौरीने पटकन स्वतःच्या वेणीला हात लावला.

"कोंडाआजी मिरीच म्हणायची," आबा म्हणाले. "'माझ्या माणसाची मिरी', म्हणत माझं डोकं चोळायची. तो शिपाई होता. तुकडी उठली, त्याला नेलं. जाताना रडला म्हणे, वाकून, कारण उंच होता." मग ते मंगलाकडे वळले. "तुझ्या आईचा पदर ओढला, तेव्हा मी समोर होतो. टोपी घालून."

"हो," मंगला म्हणाली. "मी पाहिलं होतं तुम्हाला."

कावेरी साडीचा काठ तपासू लागली.

"भटजी," आबा म्हणाले, "सर्वपित्रीला कुणाच्याही नावाने पान ठेवता येतं ना?"

"कुणाच्याही."

"मग दोन पानं वाढा. एक डोमिंगोचं. एक आमच्या विहीणबाईंचं. त्या इथून उपाशी गेल्या होत्या."

पानं मंगलाने वाढली. गच्चीवर आबा स्वतः घेऊन गेले, एकेक पायरी करत, उघड्या डोक्याने. शेजारच्या गच्चीवरच्या बाईने वाळवण गोळा करता करता पाहिलं, आणि पुन्हा नीट पाहिलं.

वर गेल्यावर दिसलं, पहिलं पान साफ झालं होतं. वडा, खीर, आमसुलाची चटणी, काही उरलं नव्हतं. मधुकरचा चेहरा पुन्हा उजळला. "पाहिलंत? साहेबांनी घेतलं!"

"दादा," सुकदेव म्हणाला, "आपण सगळे खाली भांडत होतो. इथे आरडाओरडा करायला कुणी नव्हतं, म्हणून घेतलं."

नव्या पानांपासून या वेळी सगळे लांब उभे राहिले आणि कुणीच काही कबूल केलं नाही. कावळे आले. कोणत्या पानावर आधी, यावर घरात आजही दोन मतं आहेत.

"हार काढू का आता?" खाली आल्यावर मधुकरने हळूच विचारलं.

"आजचा दिवस राहू द्या," भटजी म्हणाले. "पाहुणा आहे."

तर शेवटी कोणी काय दिलं? साहेबाला आयुष्यात नाही, पण मेल्यावर शंभर वर्षांनी फुकटचं जेवण आणि एका दिवसापुरतं गोत्र मिळालं. त्याचं काही गेलं नाही. रोहनला पासपोर्ट मिळाला, दोन वर्षांनी, आबांच्या जन्माच्या साध्या कागदावर. डोमिंगोला त्यासाठी तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. मधुकरने एक पणजोबा घालवला आणि एक कमावला, पण कमावलेल्याची सवय व्हायला त्याला वेळ लागला. कल्पेशकडे नवा फोटो करायला मात्र तोच गेला. "आ वखते कोने कापवानुं छे, मोटाभाई?" कल्पेशने विचारलं. "या वेळी कुणालाच कापायचं नाही," मधुकर म्हणाला. कावेरीचं एक वाक्य गेलं. ते चोवीस वर्षं रोज वापरात होतं, त्यामुळे भाजी निवडताना ती मध्येच थांबायची, काहीतरी शोधल्यासारखी.

सगळ्यात जास्त दिलं ते मंगलाच्या आईने, आणि तिला त्याची पावती मिळाली एका पानाची, सतरा वर्षं उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबर वस्तरा घेऊन आला. "पंधरा दिवसनं जंगल माजनं आसंल, आबा," तो म्हणाला, आणि डोकं पाहून ओट्यावरच थबकला. साठ वर्षं हे डोकं, आधी बापाने आणि मग त्याने, आतल्या खोलीत दार लावून तासलं होतं. उघड्यावर तो ते आज पाहत होता.

"आज नको," आबा म्हणाले. "पुढच्या आठवड्यातही नको."

दिवाळीपर्यंत मिरी चांगली वाढली. नरकचतुर्दशीला पहाट झाल्यावर आबा ओट्यावर पाट घेऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून, आणि त्यांनी धाकट्या सुनेला हाक मारली. मंगला तेलाची वाटी घेऊन आली. असले केस कसे चोळायचे हे त्या घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने दहाही बोटं आत घातली आणि चांगलं जोर लावून, मुळापासून चोळायला सुरुवात केली. आबांच्या डोळ्यांना पाणी आलं. पण एकदाही ते हळू म्हणाले नाहीत.